पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळता येतो, तरी तपासणी का होत नाही

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाचा कॅन्सर, डॉक्टर ज्याला सर्व्हायकल कॅन्सर म्हणतात तो, बहुतेक वेळा टाळता येतो. लस आहे, तपासणी आहे, आणि कॅन्सर व्हायच्या आधीची जी स्टेज असते तिच्यावर काही मिनिटांत होणारा इलाज आहे. तरी २०२२ मध्ये जगभरात या एका आजाराने साधारण साडेतीन लाख बायका गेल्या आणि त्यातल्या शंभरातल्या ९४ गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. एकट्या भारतात त्या वर्षी जवळपास ८० हजार. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की हा आजार गरीब देशात कसा थांबवायचा याचा बराचसा पुरावा जगाला आपल्याच बायकांनी दिलाय, मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या आणि मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांनी, आणि त्याचा फायदा अजून आपल्याकडेच नीट पोचलेला नाही.

आधी आजार कसा होतो ते बघू, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो, तो शरीरसंबंधातून लागतो. तो इतका कॉमन आहे की बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागून गेलेला असतो, कळतसुद्धा नाही, ना ताप ना दुखणं, आणि दहातल्या नऊ वेळा वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला हाकलून लावतं. प्रश्न येतो उरलेल्यांचा. काही बायकांमध्ये तो व्हायरस मुक्कामच ठोकतो, पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडवत राहतो, आणि त्या बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल आणि त्याची औषधं चालू नसतील तर ५ ते १० वर्षं. व्हायरसचे प्रकार भरपूर आहेत पण १६ नंबर आणि १८ नंबर हे दोनच मिळून जवळपास ७० टक्के कॅन्सरला कारणीभूत असतात.

म्हणजे पंधरा-वीस वर्षांची मुदत मिळते. एवढी लांब मुदत देणारे कॅन्सर फार कमी आहेत हो. त्या मुदतीत एकदा-दोनदा जरी कुणी नीट बघितलं तरी तो तिथेच थांबवता येतो.

इथेच अजून एक सांगायला हवं, कारण यावरून घरं मोडताना ऐकलीयेत. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, आणि नवऱ्याने किंवा बायकोने आत्ता बाहेर काही केलं असंही त्यातून कळत नाही. व्हायरस कित्येक वर्षं गप्प पडून राहू शकतो, कधी कुणाकडून आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. आशाताईंनी आणि डॉक्टरांनी हे रिपोर्ट द्यायच्या आधीच सांगायला पाहिजे, नंतर सांगून उपयोग नसतो.

आता तपासणी. श्रीमंत देशांनी हा आजार आटोक्यात आणला तो पॅप स्मिअर वापरून. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून स्लाइडवर घ्यायच्या, लॅबमध्ये पाठवायच्या, तिथे ट्रेनिंग घेतलेला माणूस मायक्रोस्कोपखाली बघणार, काही आठवड्यांनी रिपोर्ट येणार, गडबड वाटली तर परत बोलावणार, आणि हे सगळं दर तीन वर्षांनी. स्वीडन-इंग्लंडमध्ये चाललं कारण तिथे लॅब आहेत, घरी पत्र जातं, बाई परत येते. आपल्याकडे किंवा केनिया-टांझानियात स्लाइड घेणं जमेल हो, पण ती वाचणारा माणूस जिल्ह्याच्या गावाला असला तर असला, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाई ऊसतोडीला निघून गेलेली असते.

म्हणून मग डॉक्टरांनी साधा उपाय शोधला, त्याला व्हीआयए म्हणतात. बाईला टेबलावर झोपवतात, स्पेक्युलम लावून पिशवीचं तोंड नीट दिसेल असं करतात, उजेड चांगला लागतो. मग कापसाच्या बोळ्याने ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्या जवळपास, आणि एक मिनिट थांबायचं. थोडं चुरचुरतं. जिथल्या पेशी बिघडल्यात तो भाग पांढरा पडतो, कडा स्पष्ट दिसणारा पांढरा डाग. बाई टेबलावरून उठायच्या आधी निकाल कळलेला असतो. लॅब नको, मायक्रोस्कोप नको, खर्च अगदी किरकोळ.

हे खरंच जीव वाचवतं का, हे मुंबईत तपासलं गेलं. टाटा मेमोरिअलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या टीमने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये साधारण दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या, त्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या, त्यांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग दिलेलं. दर दोन वर्षांनी एकदा अशा चार फेऱ्या झाल्या आणि तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. चार आठवड्यांच्या ट्रेनिंगवर! मला हा आकडा दरवेळी नव्याने भारी वाटतो.

पण व्हीआयएची एक अडचण आहे, ती बघणाऱ्याच्या डोळ्यावर चालते. आज ताजं ट्रेनिंग आहे तोवर ठीक, दोन वर्षांनी कुणी उजळणी घेतली नाही तर एकीला जे पांढरं दिसतं ते दुसरीला दिसत नाही. शिवाय पाळी गेल्यानंतर बघायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ती तेवढी भरवशाची राहत नाही.

आता उस्मानाबादकडे येऊ, म्हणजे आताचं धाराशिव. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कुणाला कुठला कॅन्सर झाला याची कायमची नोंद, तिथेच सुरू झाली, बार्शी, परंडा, भूम या भागातल्या गावांसाठी. शहरातल्या रजिस्ट्रीसारखं नुसतं हॉस्पिटलांमधून नावं गोळा करून इथे भागत नव्हतं कारण बाई हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून रजिस्ट्रीची माणसं गावोगाव फिरायची, लोकांशी बोलायची, लक्षणं काय असतात ते सांगायची. त्या नुसत्या बोलण्याने काही वर्षांत या कॅन्सरच्या बायका आधीच्या स्टेजला यायला लागल्या, तपासणीचा कुठलाच कार्यक्रम नसताना. डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभं केलं.

त्याच पायावर पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी ट्रायल सुरू झाली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजार बायका. एका गटाला एचपीव्हीची टेस्ट (पिशवीच्या तोंडाचा स्वॅब घेऊन त्यात हा व्हायरस आहे का ते बघायचं), एकाला पॅप, एकाला व्हीआयए, आणि एका गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी काही नाही. प्रत्येक तपासणी फक्त एकदाच. आठ वर्षांनी निकाल आला, २००९ मध्ये छापला गेला. एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४ हजार बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात साडेएकतीस हजारांमध्ये ६४. जवळपास निम्मे. एकदाच केलेल्या पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये असा ठोस फरक दिसला नाही. आणि ज्यांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली त्यांना पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात चारपेक्षाही कमी होतं, तर पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये लाखात पंधरा-सोळा.

म्हणजे आयुष्यात एकदाच, नीट टेस्ट झाली तर इतका फरक पडतो. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना सांगते की शक्य असेल तिथे एचपीव्ही टेस्टच वापरा, ३० वर्षांपासून सुरू करा, ५ ते १० वर्षांनी परत करा, त्या सल्ल्यामागे जे मोठे अभ्यास आहेत त्यात या मराठवाड्यातल्या बायका आहेत.

त्या तुलनेच्या गटातल्या ६४ जणींचं काय, हा प्रश्न बऱ्याच अभ्यासकांनी विचारलाय आणि तो विचारायलाच हवा. तपासणी न देता नुसतं बघत राहणं बरोबर होतं का? त्यावर उत्तर दिलं गेलं की तेव्हा त्या भागात तपासणी कुणालाच मिळत नव्हती, तीच नेहमीची परिस्थिती होती. मला ते उत्तर अर्धंच पटतं. पण एक नक्की वाटतं, की त्या बायकांनी जी किंमत मोजली त्यानंतर तरी त्यांच्या लेकी-सुनांना ही टेस्ट मिळायलाच पाहिजे होती.

मिळाली का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, पिशवीच्या तोंडाची कॅन्सर तपासणी कधी झालीये का. हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि सरकारी गाईडलाईन २०१६ पासून आहे बरं का, ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर.

कागदावरची तपासणी प्रत्यक्षात कुठे अडते हे समजून घ्यायचं तर एका बाईचा रस्ता डोळ्यासमोर आणा. आशाताई सांगते, ताई शिबिर आहे, या. बाई म्हणते मला काही होत नाही, मी कशाला येऊ. हे अगदी स्वाभाविक आहे, दुखत नसताना डॉक्टरकडे जायची आपल्याकडे पद्धतच नाही, त्यात ही खालची तपासणी, लाज वाटते, पुरुष डॉक्टर असेल तर विषयच संपला. समजा आली. केंद्रात पडदा नाही, किंवा स्पेक्युलम निर्जंतुक करायला वेळ नाही, किंवा सिस्टर त्या दिवशी लसीकरणात अडकलीये. समजा हेही जमलं आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता तिला सांगणार तालुक्याला जा, तिथून जिल्ह्याला जा, कॉल्पोस्कोपी करून घ्या, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघून घ्या. म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत कुणीतरी पाहिजे, घरी सांगायचं काय, आणि पहिल्या खेपेत काम होत नाहीच. यातल्या प्रत्येक पायरीवर बायका गळत जातात. तपासणी होऊन पुढचा इलाज झाला नाही तर त्या तपासणीचा त्या बाईला काडीचा उपयोग नाही, उलट आयुष्यभराची धास्ती.

आणि धास्तीचं काय होतं हे बीडने दाखवलं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या साधारण ८२ हजार बायकांची पाहणी केली तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक तर तिशी-पस्तिशीच्या. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलं की पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल असं सांगितल्याचं अनेकींनी बोलून दाखवलं. अंगावरून जाणं हे बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, औषधाने बरं होतं. जिथे साधी एचपीव्ही टेस्ट करून बाई तुला काही नाही, घरी जा, असं सांगता आलं असतं तिथे कॅन्सरचं नाव घेऊन आख्खा अवयव काढला गेला. तपासणी नसण्याची किंमत फक्त कॅन्सर झालेल्याच मोजत नाहीत, ही पण त्यातलीच.

मग उपाय काय? बायका गळतात त्या पायऱ्याच कमी करायच्या. झांबियाने २००६ पासून लुसाकात हे करून दाखवलं. एचआयव्हीच्या दवाखान्याला जोडूनच तपासणी ठेवली, कारण एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका सहापट असतो आणि त्या औषधासाठी तिथे येतातच. नर्सलाच शिकवलं, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने पिशवीच्या तोंडाचा फोटो घ्यायचा म्हणजे शंका आली तर डॉक्टरला दाखवता येतो, आणि डाग दिसला तर शक्यतो त्याच दिवशी तिथेच इलाज. आता तर थर्मल ॲब्लेशनचं हातात धरायचं बॅटरीवरचं यंत्र मिळतं, त्याचं टोक साधारण १०० डिग्रीला तापतं, बिघडलेला भाग मिनिटाभराच्या आत जाळून टाकतं, बाई थोड्या वेळात चालत घरी जाते. डाग मोठा असेल किंवा आत गेलेला असेल तर मात्र मोठ्या दवाखान्यात पाठवावंच लागतं.

दुसरी मोठी सोय म्हणजे एचपीव्हीसाठी स्वॅब बाई स्वतःच घेऊ शकते. पडद्याआड, नाहीतर घरी, एक बारीक ब्रश आत फिरवून बाटलीत टाकायचा. स्पेक्युलम नाही, टेबल नाही, कुणी बघणार नाही. माझ्या मते आपल्याकडच्या लाजेच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर आत्ता तरी नाही. किंमत आणि मशीन हे दोन अडथळे राहतात, पण करोनात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआरच्या लॅब उभ्या राहिल्या होत्या, जंतूची डीएनए-आरएनए ओळखण्याचं तेच तंत्र आहे, त्या लॅब आणि ती शिकलेली माणसं या कामाला लावायला काय हरकत आहे.

आता लसीचं. रवांडा, १९९४ च्या नरसंहारातून उठलेला देश, त्याने २०११ मध्ये शाळेतल्या सहावीच्या मुलींना देशभर एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी ९३ टक्के मुलींचे तिन्ही डोस पूर्ण केले. शाळेत न येणाऱ्या मुली गावातल्या आरोग्य सेविकांनी घरोघर जाऊन शोधल्या. लस कंपनीने दान दिलेली होती हे खरं, पण दान मिळालेली लस फ्रीजमध्ये पडून वाया गेल्याची उदाहरणंही जगात कमी नाहीत. भूतानने तर त्याच्याही आधी, २०१० मध्ये सुरुवात केली.

आणि आपण त्याच २०१० मध्ये थांबलो. आंध्र आणि गुजरातमध्ये लसीचा एक प्रकल्प चालू होता, त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, कुणी बुडून गेलेलं, कुणाला साप चावलेला, कुणी कीटकनाशक प्यायलेलं. पण त्याच चौकशीत हेही बाहेर आलं की संमतीच्या कागदांवर आईवडलांऐवजी होस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. ही चूक छोटी नाही. गरीब आदिवासी मुलींच्या आईबापांना विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही, आणि त्यातून जो अविश्वास तयार झाला त्यात आपली पुढची कित्येक वर्षं गेली.

त्या थांबण्यातून एक अजब गोष्ट घडली. त्याच वेळी भारतात दुसरी एक ट्रायल चालू होती, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघण्यासाठी, बार्शी, पुणे, मुंबई ही केंद्रं त्यात होती. सरकारने सगळंच थांबवल्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. डॉक्टरांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून एक डोससुद्धा ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण देतो, तीन डोसइतकंच. केनियातल्या ट्रायलनेही तेच दाखवलं, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयात एक डोससुद्धा चालेल असं सांगितलं. गरीब देशांचा खर्च आणि धावपळ एका फटक्यात कमी झाली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली.

अफवा सगळीकडे सारख्याच, मूल होणार नाही ही पहिली. पाकिस्तानात सप्टेंबर २०२५ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा हीच अफवा उठली, तेव्हा तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या मुलीला लस टोचून घेतली. असं काहीतरी करावं लागतं, नुसत्या पोस्टरने होत नाही. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून मुलींना लस दिली ती आधी शिक्षक आणि पालकांशी नीट बोलून, आणि तिथे कव्हरेज उत्तम झालं.

आणि हो, तपासणी वाढली की कॅन्सरही जास्त सापडणार, त्यांना रेडिएशन लागणार. युगांडात २०१६ मध्ये देशातलं एकमेव रेडिओथेरपी मशीन बंद पडलं होतं. आख्ख्या देशातलं एकमेव. म्हणून जागतिक लक्ष्य तीन भागांत ठेवलंय, २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा चांगली तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींना इलाज. तिसरा आकडा विसरून पहिल्या दोघांच्या मागे लागून चालत नाही.

थोडक्यात बाकी दोन कॅन्सरचं. तोंडाच्या कॅन्सरसाठी केरळमध्ये मोठी ट्रायल झाली, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन टॉर्चच्या उजेडात तोंड तपासलं, तर तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. स्तनाच्या कॅन्सरसाठी मुंबईत हाताने तपासणीचा २० वर्षांचा अभ्यास झाला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले, त्याखालच्या वयात फरक दिसला नाही. सगळ्यांना मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, परवडणार नाही अशा देशांसाठी हे कामाचं आहे.

आता वाचणाऱ्यांसाठी. तुम्ही किंवा घरातली कुणी तिशी ओलांडली असेल आणि तपासणी कधीच झाली नसेल तर परवडत असेल तिथे एचपीव्ही डीएनए टेस्ट मागा, नाहीतर सरकारी केंद्रात व्हीआयए होते का विचारा, लस घेतलेली असली तरी तपासणी करायचीच. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर तपासणीच्या शिबिराची वाट बघू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. नऊ ते चौदा वयाची मुलगी घरात असेल तर लस जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळते का ते विचारा. आणि कुठल्याही शिबिरात तपासणी केली तर निघायच्या आधी एवढं विचारून घ्या, की रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळणार, पॉझिटिव्ह आला तर इलाज कुठे होणार आणि त्यासाठी फोन कुणाला करायचा. याचं उत्तर तिथे कुणाकडे नसेल तर ते शिबिर भरवणाऱ्यांना तेवढ्याच स्पष्टपणे सांगा, कारण हे सगळं आधी ठरवणं हे त्यांचं काम आहे.